शास्त्रीय कारणे द्या

सव्वीस वर्षं झाली मी शाळेत विज्ञान शिकवते. चाचणी असो की सहामाही, पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो: शास्त्रीय कारणे द्या. माठातलं पाणी थंड का राहतं, पावसाळ्यात मीठ ओलसर का होतं, उन्हाळ्यात पांढरे कपडे का वापरावेत. दोन-दोन गुणांचे प्रश्न. औसा तालुक्यातल्या माझ्या शाळेत माठाचं कारण न येणारं पोरगं सापडायचं नाही. ज्याचं कारण माहीत आहे तेवढंच आपण पेपरात विचारतो, हे माझ्या लक्षात यायला मात्र पन्नाशी उजाडली.

माझ्या उजव्या बरगडीत आणि कमरेखाली, खुब्याच्या मागच्या बाजूला, दोन वर्षांपासून दुखतंय. का दुखतंय ते सापडलेलं नाही. एरवी अशा दुखण्यावर कोणी लेख लिहीत बसणार नाही. पन्नाशीतल्या कुठल्या बाईची कंबर दुखत नाही? पण माझं दुखणं सुरू व्हायच्या तीन महिने आधीच फाइलवर एक नाव लिहिलं गेलं होतं, मल्टिपल मायलोमा, रक्ताचा एक कॅन्सर. त्याच्या आधी आणखी एक शब्द होता, स्मोल्डरिंग. म्हणजे धुमसणारा.

ऑगस्ट 2023 ची गोष्ट. पित्ताशयात खडे निघाले होते, ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या तपासण्यांत ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, 78 आला, बराच जास्त, आणि रक्तातली एकूण प्रथिनं जास्त निघाली. लातूरच्या आमच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन थोडं थांबवू. एक तपासणी करून घेऊ." ती तपासणी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या ओढीने रक्तातली प्रथिनं वेगवेगळी पळतात, त्यांचा आलेख निघतो. निरोगी माणसाच्या आलेखाचा शेवट आमच्या बालाघाटच्या डोंगरासारखा पसरट असतो. माझ्या आलेखात तिथे एक टोक उभं होतं, देवळाच्या कळसासारखं.

पुढचं शास्त्र आता मला वर्गात शिकवता येईल इतकं पाठ झालंय. हाडाच्या आतल्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. प्रतिपिंडं बनवणं हे त्यांचं काम, वेगवेगळ्या जंतूंसाठी वेगवेगळी. कधी त्यांतली एकच पेशी स्वतःच्या प्रती काढत सुटते आणि तिचं सगळं कुळ एकच बिनकामाचं प्रथिन बनवत राहतं. आलेखातलं टोक ते. मगजात अशा पेशी 10 ते 60 टक्के, पण रक्तातलं कॅल्शियम, मूत्रपिंडं, हिमोग्लोबिन आणि हाडं या चारांपैकी कशालाही अजून धक्का नाही, अशी अवस्था म्हणजे धुमसणारा मायलोमा. कमरेच्या हाडात सुई घालून माझा मगज काढला, त्यात 14 टक्के निघाल्या. चारही जागा शाबूत. औषध नाही. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि वाट पाहायची. सरासरी सांगायची तर पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी शंभरातल्या दहाजणांचा आजार पेट घेतो, पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी तिघांचा, त्यानंतर एखाद्याचा. माझे आकडे कमी जोखमीच्या गटात बसतात. जोखीम जास्त असलेल्यांना आधीच औषध देण्याचा विचार आता पुढे आलाय, पण तुम्हाला त्याची गरज नाही, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले.

दिलासा वाटला. तीन महिने तो पुरला.

दिवाळीत चकलीचा सोऱ्या दाबताना उजव्या बरगडीत उसण भरली. आठ दिवसांत जाईल, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. उसण गेली नाही. संक्रांतीपर्यंत कमरेखालीही कळा यायला लागल्या. फळ्यावर वरच्या बाजूला लिहायला हात उचलला की बरगडी थांब म्हणायची. शाळेच्या जीपमध्ये बसताना डाव्या कुशीवर कलून बसायची सवय लागली. रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत मी अंधारात एकच गोष्ट तपासत पडायची: हे तेच आहे का?

मार्च 2024 मध्ये आम्ही पुण्याला गेलो. लातूरहून निघालेली गाडी मुरुड, येडशी करत बार्शीला पोचते. तिथल्या स्टँडवर हातात मोठी पाकिटं घेतलेली माणसं उतरतात. एक्स-रेची, स्कॅनची पाकिटं. आमच्या भागात कोणी नुसतं "बार्शीला नेलंय" म्हटलं की ऐकणारा समजून जातो, कारण तिथे कॅन्सरचा जुना दवाखाना आहे. मी खिडकीतून त्या माणसांकडे बघत होते. माझ्याही मांडीवर तसंच पाकीट होतं.

पूर्ण शरीराचा एमआरआय झाला. साध्या एक्स-रेत हाडाचं नुकसान दिसायला तिथला तीसेक टक्के खनिज भाग आधीच गेलेला असावा लागतो, म्हणून एक्स-रेवर थांबून चालत नाही. मायलोमा पेटला की हाड कुरतडणाऱ्या पेशींना जोर चढतो आणि हाड बांधणाऱ्या पेशी दबतात. एरवी आयुष्यभर दोघींचं काम तोलात चाललेलं असतं. तो तोल गेला की हाडात पोकळ्या पडतात, आणि त्या दुखतात. मला हे सगळं वाचून माहीत होतं. डॉक्टरांनी पडद्यावर माझा सगळा सांगाडा दाखवला, मणक्यामागून मणका, बरगडीमागून बरगडी, आणि म्हणाले, "एकदम स्वच्छ. कुठेही काही नाही."

आमचे हे तिथेच खुर्चीत रडले. सहा महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी लेकीला फोन लावला, पेढे घेतले. आणि मी त्या दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभी राहिले. मला वाईट वाटलं होतं. बरगडीवर एखादा ठिपका दिसावा, असं आत कुठेतरी मी धरून चालले होते. ठिपका दिसला असता तर आजार पेटला असं ठरलं असतं, केमो सुरू झाली असती, या माणसाचे पेढे गेले असते. तरीही मला तो हवा होता. दुखणं खरं आहे याचा कागद हवा होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, कारण माझ्यासारखी आणखी कोणी कडी लावून उभी असेल तर तिला कळावं की असं वाटतं. असं वाटण्याने आपण आजार ओढवून घेत नाही, आणि आपल्या माणसांशी बेइमानीही करत नाही.

या पेचातून मी अजून पूर्ण बाहेर आलेली नाही. धुमसणारा या शब्दाच्या व्याख्येतच आहे की हाडं शाबूत. हाडं शाबूत, म्हणजे हे दुखणं मायलोमाचं नाही. हाडाचं कारण सापडलं की आजार पुढे सरकला, आणि नाही सापडलं की लोकांच्या लेखी दुखणंच खोटं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" या प्रश्नाला मी हो म्हणते, आणि समोरच्याचा चेहरा निवतो. त्यानंतर बरगडीचं नाव काढायला तोंड उरत नाही. एका दवाखान्यात तर मला सांगितलं गेलं, "तुम्ही शिक्षिका ना? तुम्ही वाचता फार. मनातून काढून टाका." मी वाचते हे खरं. पण सोऱ्या दाबला तेव्हा मी काही वाचत नव्हते.

वाचता वाचताच मला लंडनचा एक किराणा व्यापारी भेटला. थॉमस मॅकबीन, वय पंचेचाळीसच्या आसपास. 1844 साली त्याच्या छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि नंतर त्याला भयंकर दुखायला लागलं. डॉक्टरांनी त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे जळवाही लावून पाहिल्या. त्याची लघवी तपासायला हेन्री बेन्स जोन्स या रसायनाच्या जाणकाराकडे गेली, आणि त्याने तिच्यात एक वेगळंच प्रथिन ओळखलं. ते प्रथिन आजही त्याच्या नावाने तपासतात, माझंही तपासलंय. मॅकबीन 1 जानेवारी 1846 ला वारला. त्याची हाडं मऊ झालेली आढळली, बरगड्या सहज मोडत होत्या. मल्टिपल मायलोमा हे नाव 1873 साली पडलं. म्हणजे त्या बिचाऱ्याने सगळं दुखणं नावाशिवाय काढलं. माझ्याकडे नाव आधी आलं, दुखणं मागून, आणि दोघांची गाठ अजून पडायची आहे. तरी रात्री तीन वाजता मला तो शेजारी असल्यासारखा वाटतो.

डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतं?" मी स्वतः आयुष्यभर गुण देत आले, तरी मला हा आकडा सांगता येत नाही. कधी चार म्हणते, कधी सात, आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटतं. मग एका रात्री मी दोनशे पानी वही काढली. पाच रकाने आखले: वेळ, जागा, कसं, काय केलं, कारण. तिसऱ्या रकान्यात आकडा न घालता मी शब्द लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता माझी आजी, आई, गल्लीतल्या बाया सगळ्या मदतीला आल्या. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते आणि जाते, रग लागून राहते. चमक क्षणाची. सणक डोक्यापर्यंत जाते. उसण श्वासाबरोबर अडते. भगभग कातडीवर, सल आत. मुंग्या येतात, शीर ओढते, अंग कसकसतं. प्रत्येक शब्दात जागा आहे, वेळ आहे, आणि ते दुखणं कसं हलतं तेही आहे. या बायांनी शरीरशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण कळ आणि रग यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही.

तीन महिन्यांची वही घेऊन मी पुढच्या तपासणीला गेले. डॉक्टर मूळचे परभणीकडचे. त्यांनी ती अगदी सावकाश वाचली, अधूनमधून एखाद्या शब्दावर बोट ठेवत. "ही कमरेतली कळ गुडघ्यापर्यंत जाते? शीर ओढल्यासारखी? ही मणक्यातल्या चकतीची असू शकते, वयाने झिजते तशी. बरगडीत उसण आहे, म्हणजे हालचालीशी, श्वासाशी बांधलेली. तिथे स्नायू बघू, फिजिओकडे पाठवतो. आणि हे जे तुम्ही सगळीकडे कसकस लिहिलंय, त्यासाठी ड जीवनसत्त्व बघू." ड जीवनसत्त्व 11 निघालं, 20 च्याही खाली. वर्षाचे दहा महिने ऊन ओकणाऱ्या लातुरात राहून! पण सकाळी अंधारात घर सोडायचं, दिवसभर वर्गात, जाता-येता डोक्यावरून पदर. आठवड्याला एक अशी 60 हजार युनिटची गोळी सुरू झाली, कॅल्शियमवर लक्ष ठेवत. मायलोमावाल्यांनी असल्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नसतात, कारण रक्तातलं कॅल्शियम हे आमच्या चार खांबांपैकी एक. दोन-अडीच महिन्यांत कसकस बरीच निवली. कमरेची कळ व्यायामाने आटोक्यात आली. बरगडी राहिली.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, ती मी लपवणार नाही. तपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस दुखणं वाढतं. प्रत्येक वेळी. हे दिसलं तेव्हा मी घाबरले, की बघा, म्हणजे मनाचंच आहे. पण वाढायला काहीतरी आधी असावं लागतं. भीतीने झोप मोडते, झोप मोडली की अंग आखडतं, आखडलेल्या अंगात उसण जास्त टोचते. हे मी नववीच्या पोरांनाही समजावून सांगू शकेन.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मला जरा आवाज चढवूनच बोलायचंय. आपल्याकडे दुखलं की माणूस मेडिकलवर जातो, "अंगदुखीचं द्या" म्हणतो आणि दोन रंगीत गोळ्या मिळतात. शाळेत माझ्या टेबलाच्या खणात एका मैत्रिणीने प्रेमाने डायक्लोफेनॅकची पट्टी ठेवली होती. मायलोमात ते जास्तीचं प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांतून गाळलं जात असतं, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जातीच्या गोळ्या त्याच मूत्रपिंडावर घाव घालतात. धुमसता आजार अशा गोळ्यांच्या पायी मूत्रपिंडावर जाऊ नये. मला पॅरासिटामॉल चालते, तीही मोजून. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे, दाताच्या दवाखान्यातसुद्धा, मी बसायच्या आधी आजाराचं नाव सांगते.

आणि पाणी. "दिवसाला तीन लिटर," असं पुण्यात सांगितलं तेव्हा मला 2016 आठवलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, घागरींच्या रांगेत माझाही नंबर असायचा. तेव्हा तीन लिटरमध्ये आम्ही सकाळची भांडी उरकली असती. त्यात शिक्षिकांची एक जुनी खोड, शाळेत पाणी कमी प्यायचं, कारण धड बाथरूम नाही. मी पंचवीस वर्षं तेच केलं. मूत्रपिंडं सांभाळण्यासाठी मी आधी आमच्या मुख्याध्यापकांशी बायकांच्या बाथरूमसाठी भांडले. दार, कडी, नळ, सगळं झालं. आता आम्ही पाचजणी बाटली भरून आणतो.

माझं माहेर किल्लारीपासून जवळ आहे. 1993 साली मी बारावीला लातूरला होते, गणपतीसाठी गावी आले होते. 29 सप्टेंबरला विसर्जन झालं, गाव दमून झोपलं, आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन उलटली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही आहोत. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन 1 मध्ये होता, सगळ्यांत सुरक्षित. आदल्या वर्षी किल्लारीत हादरे बसले होते, तरीही. 2002 साली नकाशा बदलला आणि लातूर झोन 3 मध्ये गेलं.

त्यानंतरचं वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. दादा रात्री पितळी तांब्या पालथा घालून त्यावर फुलपात्र ठेवायचे, हललं की वाजावं म्हणून. रस्त्यावरून ट्रक गेला तरी वाजायचं. खरे धक्केही यायचे, लहान लहान. आजी जमिनीला कान लावून पडायची आणि म्हणायची, "बोलायलीय रे." सुरुवातीला दर वेळी आम्ही बाहेर पळायचो. पुढे पुढे ट्रकचा थरथराट आणि जमिनीचा वेगळा कळायला लागला. पूर्ण नाही, बऱ्यापैकी. पण तिच्या मनाचं आहे, असं आजीला कोणी कधी म्हणालं नाही. सगळ्या गावालाच तो आवाज ऐकू येत होता. माझ्या बरगडीचा आवाज मात्र मला एकटीलाच येतो. सगळ्यांत जड मला तेच जातं.

डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलंय: नवीन जागी एकदम जोराचं दुखणं, पायांतली ताकद जाणं, बधिरपणा, लघवी अडणं किंवा न कळत होणं, ताप न उतरणं, यांतलं काहीही झालं तर तपासणीची तारीख बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. माझ्या लेखी ते पान म्हणजे दादांचा तांब्या. तो वाजेल तेव्हा पळायचं. तोवर पडून राहायचं, जमलं तर झोपायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत. वय ऐंशीच्या पुढे. आजाराचं नाव त्यांना सांगितलेलं आहे, पण त्यांच्या जिभेवर ते बसत नाही. त्या "हाडाचं" म्हणतात. रात्री मी कूस बदलली की पलीकडच्या खोलीत त्यांना कळतं. काठी टेकत येतात, स्वयंपाकघरात तव्यावर खडे मीठ गरम करतात, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधतात. विचारतात एवढंच, "कुठं दुखायलंय?" मी जागा दाखवते. त्या पुरचुंडी आधी स्वतःच्या हातावर टेकवून बघतात, मग माझ्या बरगडीवर धरतात. हात थरथरतो, पण जागा चुकत नाही. दोन वर्षांत त्यांनी का म्हणून एकदाही विचारलेलं नाही.

पहिली वही दिवाळीत संपली. दुसरी आखायला घेतली तेव्हा चार रकान्यांनंतर पट्टी थांबली. पाचवा आखला नाही.

परवा पुण्याला जायचंय, नववी तपासणी. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. कालची नोंद अशी:

रात्री 2.40. उजवी बरगडी, खालून तिसरी. उसण, श्वास सोडताना जास्त. पाणी प्यायले, डावी कूस. आत्यांनी मिठाचा शेक दिला. 4 नंतर झोप.